झिंबाचा हात

झिंबानं बंदूक उलटी फिरवली आणि दस्ता माझ्या नवऱ्याच्या मनगटावर हाणला. हाडावर लाकूड आपटल्याचा आवाज मला मागं उभी असताना ऐकू आला. आमच्या ह्यांच्या हातातला छोटा स्पीकर उडाला, दरडीवरून गडगडत खाली गेला आणि नदीत पडला. समोरच्या वाळूवर पसरलेल्या मगरींपैकी एक लगेच पाण्यात सरकली. तिला वाटलं असेल, आला घास.

"तुम्हाला आधीच सांगितलं होतं ना," मी म्हटलं. नवऱ्याची बाजू आधी घ्यावी आणि मग भांडावं, एवढं भान मला कधीच राहत नाही.

"कुमुद, गप्प बस," हे मनगट धरून ओरडले. "त्यानं मला मारलंय. पाहुण्याला मारलंय."

झिंबा पुढं आला. सहा फुटी माणूस, काळाकुट्ट, कपाळावर कायमची आठी. तो ह्यांच्या तोंडाशी तोंड नेऊन त्याच्या तुटक इंग्रजीत म्हणाला, "पुन्हा वाजवलंस ना, तर तुला इथंच जनावरांना टाकून जाईन. देवाशपथ."

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. झांबियात लुआंग्वा नदीच्या काठी एक मोठं राष्ट्रीय उद्यान आहे, तिथली ही गोष्ट. आमचे हे म्हणजे जयसिंगराव खाडे, पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. आयुष्यभर कालवे काढले आणि निवृत्त झाल्यावर पक्ष्यांच्या आवाजांचं वेड घेतलं. कानाला मोठाले हेडफोन, हातात केसाळ माइक, आणि खिशात हा स्पीकर. पक्ष्याचा आवाज स्पीकरवर वाजवायचा, म्हणजे तो पक्षी फसतो, दुसरा कोण आला म्हणून बघायला उघड्यावर येतो. मग ह्यांनी त्याचं उत्तर टिपायचं. आमच्या गावाकडं, गारगोटीच्या डोंगरात हे खपून जायचं. तिथं फार तर शेळ्या बुजायच्या.

पण इथं आम्ही पायी फिरत होतो. गाडीत बसून जनावरं बघायची ती वेगळी गोष्ट, आणि पायी फिरायचं ते वेगळं. पायी फिरताना एका रांगेत चालायचं. पुढं सरकारी बंदूकवाला, म्हणजे झिंबा. त्याच्या मागं आमचा गाइड इसाव, मग जयसिंगराव, आणि शेवटी मी. बोलायचं नाही, पळायचं नाही, आणि कसलाही आवाज वाजवायचा नाही. पहिल्याच दिवशी इसावनं हे हात जोडून सांगितलं होतं.

मी मुलींच्या शाळेत खेळाची बाई होते. जन्मभर पोरींना कबड्डी शिकवली. रांग मोडणाऱ्या पोरीला मी मैदानाला फेऱ्या मारायला लावायची, त्यामुळे झिंबाचा राग मला कळत होता. शिवाय माझं आणि त्याचं जमलं होतं. पहिल्या दिवशी त्यानं माझी निळी ओढणी खेचून पिशवीत कोंबली, कारण निळ्या रंगावर तिकडच्या चावऱ्या माश्या येतात. मी त्याला चार शब्द मराठीत सुनावले. त्यानं मला त्याच्या भाषेत सुनावले. मग दुपारी चहाला थांबलो तेव्हा मी तपकिरीची डबी काढली, तर हा बाबा हसायला लागला आणि त्यानंही खिशातून स्वतःची डबी काढली. त्यांच्याकडे बाया-माणसं सगळी तपकीर ओढतात म्हणे. त्यानं माझी ओढली, मी त्याची ओढली, दोघंही शिंकून शिंकून बेजार झालो. तेव्हापासून तो मला अमाई म्हणायला लागला. अमाई म्हणजे आईच.

त्या मनगटाच्या प्रकरणानंतर तंबूत परत आल्यावर जयसिंगराव पेटले होते. इसाव खुर्चीच्या टोकावर बसून ऐकत होता.

"या माणसाची तक्रार करायची आहे मला. लेखी."

"करू शकता," इसाव म्हणाला. "पण साहेब, तो सरकारचा माणूस आहे. पाहुण्यावर हात उचलला असं कळलं तर त्याची बंदूक काढून घेतील. अंगावरचा गणवेशही जाईल."

"जाऊ दे ना मग."

"करा तक्रार," मी म्हटलं. "मीही येते. आधी नियम कोणी मोडला ते मी सांगते."

जयसिंगरावांनी माझ्याकडं असं बघितलं, जशी काही मी परक्या घरचीच कोणी. तक्रार राहिली. पण रात्री जेवताना ते एक शब्द बोलले नाहीत, आणि हा माणूस गप्प बसला की काहीतरी शिजतंय, हे मला लग्नापासून माहीत आहे.

दोन दिवसांनी सकाळी आम्ही नदीपासून आत, एका कोरड्या ओढ्याच्या कडेनं चाललो होतो. ऑक्टोबरचं ऊन. गवत कमरेएवढं, वाळून पिवळं झालेलं. झिंबा मध्येच थांबला आणि मूठ वर धरली. आम्ही सगळे थांबलो.

इसावनं बोट दाखवलं. पुढं काटेरी झुडपांची एक दाट जाळी होती, आणि त्या जाळीतून पाच-सहा पक्षी वर-खाली होत होते. करड्या अंगाचे, लाल चोचीचे. फक्त पक्षी दिसत होते. ते कशावर बसलेत ते दिसत नव्हतं.

"खाली रानरेडा आहे," इसाव माझ्या कानाशी पुटपुटला. "म्हातारा, एकटा. हे पक्षी त्याच्या अंगावरचे गोचीड खातात. झोपलाय तो. वारा त्याच्याकडून आपल्याकडं येतोय, त्याला आपला वास नाही. आपण मागं फिरू, हळू."

जयसिंगरावांच्या मानेची शीर उडताना मला मागून दिसली. हे पक्षी त्यांना हवे होते. आल्यापासून त्यांचं पालुपद होतं, की हे पक्षी धोका दिसला की सगळे मिळून फुसकारतात, आणि तो फुसकारा परदेशी लोकांनी टिपलेला मिळतो, आपल्याकडच्या कोणीही स्वतः टिपलेला नाही.

झिंबा मागं वळला, हातानं आम्हाला मागं सरा अशी खूण केली. मी एक पाऊल मागं टाकलं. आणि त्याच वेळी माझ्या पुढ्यातच कुठंतरी आवाज आला. त्स्स्स, त्स्स्स. फोडणी जळाल्यासारखा. मला वाटलं साप.

जाळीवरचे पक्षी एकदम वर उडाले, सगळे तसेच फुसकारत. आणि ती जाळी उभी राहिली.

एवढं मोठं जनावर एवढ्या चटकन उठतं हे मला खरं वाटलं नसतं. काटे, फांद्या, माती सगळं अंगावर घेऊन तो रेडा बाहेर आला. शिंगं कपाळावर एकमेकांना भिडलेली, डोक्यावर दगड ठेवावा तशी. तो थांबला नाही, बघितलं नाही, सरळ आला. इसाव ओरडला, "झाडामागं!" मी डावीकडं उडी मारली. जयसिंगराव उजवीकडं वळले आणि पळाले. पळायचं नाही हे त्यांनाही सांगितलं होतं.

रेड्यानं त्यांना चार ढांगांत गाठलं. शिंग मांडीच्या आतल्या बाजूनं घुसलं आणि त्यानं मान झटकली. माझा नवरा, सत्तर-पंच्याहत्तर किलोचा माणूस, माझ्या डोक्याच्या वर गेला. हात-पाय सुटलेले, हेडफोन गळ्यात. तो खाली पडायच्या आत रेडा तिथं हजर होता. पुन्हा उचललं. मग खाली घेऊन कपाळानं दाबायला लागला, कणीक तिंबावी तसा, गुरगुरत. जयसिंगरावांच्या तोंडातून जो आवाज येत होता तो माणसाचा नव्हता. मी शिव्या देत होते. मुलींच्या शाळेत नोकरी केलेल्या बाईला त्या शिव्या येत असतील असं कोणाला वाटलं नसतं. हातात आलेला दगड मी रेड्याच्या कुल्ल्यावर मारला. त्याला कळलंही नाही.

"मार!" मी झिंबावर ओरडले. मराठीतच ओरडले.

झिंबा बंदूक खांद्याला लावून उभा होता आणि गोळी झाडत नव्हता. त्याच्या आणि रेड्याच्या मध्ये माझ्या नवऱ्याचं डोकं येत होतं. मग त्यानं जे केलं ते मी अजून डोळे मिटले की बघते. तो पळत रेड्याच्या अंगावर गेला. जवळ जाऊन, बाजूनं, त्यानं बरगडीत गोळी घातली. धूळ उडाली. रेडा हलला, पण पडला नाही. तो जयसिंगरावांवरून उठला, वळला, आणि झिंबाला शिंगावर घेऊन मागच्या झाडाच्या बुंध्यावर नेऊन दाबला. शिंग काखेच्या खालून छातीत गेलं. बरगड्या मोडल्या ते ऐकू आलं. झिंबा तसाच टांगलेला, तोंडातून लाल फेस, आणि त्या अवस्थेत त्यानं बंदुकीचा खटका मागं ओढला, पुढं सारला, नळी रेड्याच्या कानाखाली टेकवली आणि चाप ओढला.

रेडा गुडघ्यांवर बसला आणि मग झिंबाच्या पायांवर आडवा झाला.

इसावनं आणि मी झिंबाला ओढून काढलं. पण मी लगेच जयसिंगरावांकडं धावले, कारण त्यांच्या मांडीतून रक्त उडत होतं. वाहत नव्हतं, उडत होतं, ठोक्याठोक्याला. जांघेच्या इतकं जवळ, की वर पट्टी आवळायला जागाच नव्हती. मी पिशवीतली ती निळी ओढणी काढली, गोळा करून त्या भोकात कोंबली आणि वरून मूठ घातली. सगळं वजन टाकलं. रक्त थांबलं. मूठ जरा हलली की पुन्हा यायचं.

"अहो, तुम्ही वाजवलं का?" मी विचारलं.

"काय?"

"तो फुसकारा. पक्षी उडायच्या आधी आला. तुम्ही वाजवलं का?"

"नाही," जयसिंगराव म्हणाले आणि डोळे मिटले. "माझा स्पीकर तर नदीत गेला."

इसावनं झिंबाच्या छातीतल्या भोकावर पावाच्या पुड्याचा प्लास्टिकचा कागद लावला आणि चिकटपट्टीनं तीन बाजू बंद केल्या. त्या भोकातून हवा आत-बाहेर होताना बुडबुडे येत होते. वायरलेसवर बोलणं झालं. गाडी आली. दोघांना मागं आडवं टाकलं, मी जयसिंगरावांवर वाकून मूठ दाबलेलीच. खड्ड्याखड्ड्याला गाडी उडायची आणि माझ्या बोटांखाली ती शीर सुटायची. झिंबा शेजारी पडून माझ्याकडं बघत होता. एकदा त्यानं मान हलवली, जोरात, म्हणजे दाब, अजून दाब. मी दाबत होते.

"खरं सांगा," मी गाडीत पुन्हा विचारलं. "तुमच्याजवळ दुसरा होता का?"

"मरतोय मी, कुमुद. आणि तुला हे सुचतंय?"

मला लाज वाटली. मरणाऱ्या माणसाला छळतेय असं वाटलं. मी मूठ पुन्हा नीट बसवली.

धावपट्टी म्हणजे झाडं तोडून सपाट केलेली तांबडी जमीन. तिथं एका झाडाखाली आम्हाला ठेवलं. विमान यायला वेळ होता. तेवढ्यात उद्यानाचे साहेब आले, म्वाले नावाचे. शांत माणूस, टोपी हातात घेऊन बोलणारा. रेडा मारला गेला, पाहुणा जखमी झाला, म्हणजे चौकशी होणारच. त्यांनी झिंबाची बंदूक आधीच ताब्यात घेतली होती, तो तसा नियमच. मग ते जयसिंगरावांजवळ उकिडवे बसले आणि काय झालं म्हणून विचारलं.

जयसिंगराव पांढरेफटक पडले होते, पण इंग्रजी खणखणीत होतं. "तुमच्या बंदूकवाल्यानं आम्हाला थेट रेड्यावर नेलं. रेडा आला तेव्हा तो बघत उभा राहिला. माझी बायको ओरडली तरी गोळी झाडली नाही. परवा त्यानं मला मारहाण केली होती. तो म्हणाला होता, तुला जनावरांना टाकून जाईन. विचारा हिला."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "असं म्हणाला होता तो?"

"म्हणाला होता," मी म्हटलं. "पण गोळी झाडली नाही ती ह्यांचं डोकं मध्ये होतं म्हणून. आणि त्या आधी एक आवाज झाला, तो पक्ष्यांचा नव्हता."

"कशाचा होता?"

"ते ह्यांना विचारा."

"ती घाबरली आहे," जयसिंगराव म्हणाले. "तिला काही कळत नाहीये."

साहेबांनी झिंबाकडं बघितलं. झिंबा झाडाला टेकून बसला होता, आता आडवा पडला की त्याला श्वास घेता येत नव्हता. तो त्याच्या भाषेत दोन-तीन वाक्यं बोलला आणि खोकला. इसावनं मला सांगितलं, "तो म्हणतोय, आवाज ब्वानाच्या, म्हणजे तुमच्या मिस्टरांच्या, खिशातून आला. साहेब विचारतायत, यंत्र कुठाय. यंत्र तर तिथं कुठंतरी मातीत चिरडलं गेलं असेल." मग खाली मान घालून म्हणाला, "पाहुण्याच्या शब्दापुढं त्याचा शब्द कोण ऐकणार, मॅडम? तो जगला तर तुरुंगात जाईल."

मी तिसऱ्यांदा विचारलं. मराठीत, कानाशी. "जयसिंगराव, एकदाच सांगा. वाजवलं का?"

"नाही," ते म्हणाले.

विमान आलं.  एवढंसं ते. आत एक स्ट्रेचर, पायलट, एक नर्स, आणि एकच जागा. नर्स उतरली, तिनं जयसिंगरावांची मांडी बघितली, माझी मूठ बघितली आणि म्हणाली, "काढू नका. तुम्हीच या बरोबर. लुसाकाला उतरेपर्यंत असंच धरून बसावं लागेल. मला बाटल्या आणि ऑक्सिजन बघायचाय, माझे हात मोकळे पाहिजेत."

मग तिनं झिंबाकडं जाऊन पावाचा कागद उचलून बघितला आणि तिचा चेहरा बदलला.

"हा कसा जाणार?"

"गाडीनं," इसाव म्हणाला. "मिशनच्या दवाखान्यात."

"तिथं याचं काही होणार नाही. तिथं सर्जन नाही."

"मला माहीत आहे," इसाव म्हणाला.  "तो डांबरी रस्त्यापर्यंतही पोचणार नाही."

एक जागा. मी बसले तर झिंबा मेला. झिंबा बसला तर ह्यांच्या मांडीवर कोणाची मूठ?  मी देवाचं नाव घेतलं की त्याला शिव्या दिल्या ते आता आठवत नाही.

"अमाई," झिंबा म्हणाला. त्यानं उजवा हात वर केला, पंजा उघडला, मिटला. भाकरीएवढा पंजा. "छाती वाईट. हात चांगला."

नर्स म्हणाली, "तुझ्या छातीत भोक आहे."

"हात चांगला," तो पुन्हा म्हणाला.

जयसिंगरावांना सगळं कळत होतं. त्यांनी माझा दंड धरला, नखं रुतली. "कुमुद, नको. तू चल. विमान आपल्यासाठी आलंय. मला त्याच्या हातात देऊ नकोस. तो सोडेल. वर गेलं की तो हात सोडून देईल."

"का सोडेल?"

"त्याचा डूख आहे माझ्यावर."

"परवा त्यानं तुम्हाला मारलं, तुम्ही त्याला नाही. डूख तुमचा असायला पाहिजे. त्याचा कशाला असेल?"

ते नुसते बघत राहिले माझ्याकडं, आणि मी त्यांच्याकडं. तीस वर्षं मी त्या माणसाबरोबर संसार केला. बोललेलं खोटं एक वेळ मला ओळखता आलं नसतं, पण ती भीती मला ओळखता आली. ज्यानं काही केलं नाही तो असा घाबरत नाही.

मला इतका राग आला, की तिथंच मूठ काढून चालू लागावं असं वाटलं. आणि मला तो माणूस जगायलाही हवा होता. दोन्ही एकदम. कोणी म्हणेल असं होत नाही, तर होतं.

"झिंबा," मी म्हटलं, "ये."

इसावनं आणि पायलटनं त्याला उचलून आत बसवलं, स्ट्रेचरला खेटून. मी वाकून आत शिरले, मूठ तशीच. झिंबानं आपली मूठ माझ्या मुठीशेजारी आणली. मी एक-एक बोट काढलं, तसं त्याचं एक-एक बोट आत गेलं. मध्ये क्षणभर रक्त उसळलं, माझ्या तोंडावर उडालं, मग थांबलं. त्यानं कोपर ताठ केलं आणि वजन टाकलं. त्याच्या छातीवरचा कागद फडफडला.

"हा माझा माणूस आहे," मी त्याला मराठीत सांगितलं. दुसरं काय सांगणार होते.

 त्यानं माझ्याकडं बघितलंही नाही. तो जयसिंगरावांकडं बघत होता.

"कुमुद," जयसिंगराव रडत म्हणाले. "कुमुद, अगं."

मी उतरले. दार लागलं. विमान धूळ उडवत गेलं. माझ्या मुठीची बोटं उघडत नव्हती. इसावनं पाणी ओतून ती एकेक सरळ केली. नवऱ्याचा जीव मी अशा माणसाच्या हातात दिला होता, ज्याला तो जीव गेलेला बरा होता. साक्षीदार गेला असता, आरोप गेला असता. एवढंच करायचं होतं त्यानं, हात ढिला सोडायचा.

इसावनं मला गाडीनं लुसाकाला नेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचलो. वाटेत फोनला रेंज नव्हती आणि मला लागावी असं वाटतही नव्हतं. दवाखान्याच्या दारात ती नर्स भेटली. मी तिच्या चेहऱ्याकडं बघितलं.

"जिवंत आहेत," ती म्हणाली. "दोघंही."

मी तिथं फरशीवर बसून रडले. मोठ्यानं. गारगोटीत कोणी मेल्यावर बायका रडतात तशी.

झिंबा पलीकडच्या वॉर्डात होता, बरगड्यांतून नळी घातलेली, झोपलेला. त्याचा उजवा हात चादरीवर होता. मनगटापर्यंत सुजलेला, नखांत माझ्या नवऱ्याचं वाळलेलं रक्त. मी त्याला उठवलं नाही.

जयसिंगराव जागे होते. पाय राहिला होता. मला बघितल्याबरोबर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. तेव्हा मला खरंच वाटलं, की सगळं सोडून द्यावं, माणूस मिळाला एवढं पुष्कळ झालं.

"त्यानं हात काढला, कुमुद," ते म्हणाले.

"काय?"

"वर गेल्यावर. ती नर्स पाठमोरी होती, बाटली लावत होती. त्यानं हात काढला आणि माझ्या तोंडासमोर धरला. कोपरापर्यंत लाल. खाली मला गरम गरम लागायला लागलं. आणि तो म्हणाला, बोल."

"मग?"

"बोललो."

"काय बोललात?"

त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "इंजिनाचा एवढा आवाज. ओरडावं लागलं. ती नर्स वळून बघायला लागली. मग त्यानं परत दाबला. असा दाबला, की मी किंचाळलो. पुढं तो बेशुद्ध पडला तरी हात तिथंच. इथं दोघांनी मिळून काढला म्हणे."

मी खुर्ची ओढून बसले.

"हा खुनाचा प्रयत्न आहे," ते म्हणाले. आवाजात जोर यायला लागला होता. "ते म्वाले साहेब इथं आलेत. आता येतील. मी सगळं सांगणार आहे. जिवाच्या भीतीनं माणूस काहीही बोलतो, त्याला अर्थ नसतो. तू फक्त एवढं सांग, की तो आधी काय म्हणाला होता. जनावरांना टाकून जाईन. ते तर खरंच आहे ना?"

त्यांच्या चेहऱ्यावर रंग आला होता. कोणाच्या मुठीनं तो रंग आत राहिला होता, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही.

"अहो," मी म्हटलं, "झाडीत विचारलं. गाडीत विचारलं. धावपट्टीवर विचारलं. तिन्ही वेळा माझी मूठ तुमच्या मांडीत होती. मला नाही सुचलं हो, हात काढायचं."

दार वाजलं. म्वाले साहेब टोपी काढून आत आले, त्यांच्या मागं नर्सही आली. साहेबांनी तब्येतीची चौकशी केली, आणि म्हणाले, "मिस्टर खाडे, बोलवत असेल तर काल सकाळचं पुन्हा एकदा सांगता का? नर्सबाई म्हणतायत, विमानात तुम्ही काही वेगळं बोललात."

जयसिंगरावांनी माझ्याकडं बघितलं. मी खुर्चीवरून उठले, खाटेच्या कडेला त्यांच्याजवळ बसले आणि चादरीवरून हात ठेवला. जिथं जाड पट्टी होती, बरोबर तिथं. दाबला नाही, नुसता ठेवला.

"सांगा," मी म्हटलं.

त्यांनी सांगितलं. दुसरा स्पीकर कुठल्या खिशात होता इथपासून सगळं सांगितलं.